वीजतंत्र्याचे कौशल्य आणि परदेशी प्रायोजक

रत्नागिरी जिल्ह्याची अर्थव्यवस्था मनीऑर्डरवर चालते, असे म्हणण्याची एकेकाळी प्रथा होती. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, मनीऑर्डरही मागे पडली. परंतु त्या अर्थव्यवस्थेची जातकुळी काही बदललेली नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या आणि दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. वाढत्या महाराष्ट्रात एखाद्या जिल्ह्याची लोकसंख्या घटावी, ही गोष्ट साधी नव्हे. येथून माणसे बाहेर जातात, आणि जाणारी माणसे बहुतांशी कमावत्या वयाची असतात, एवढाच त्याचा अर्थ.

हा प्रवाह केवळ मुंबई-पुण्याकडे वाहतो असे मानणे चुकीचे ठरेल. बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांच्या काठच्या गावांना परदेश नवा नाही. तेथील माणसे पिढ्यान् पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेली. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि आखाती देशांत बांधकामांचा सपाटा सुरू झाला, तेव्हा याच गावांतून गवंडी, सुतार, चालक आणि स्वयंपाकी गेले. आज जाणाऱ्यांचे स्वरूप पालटले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री वा तारतंत्री म्हणून उत्तीर्ण झालेला, वातानुकूलन यंत्रणा बसवणारा, मोबाइलच्या मनोऱ्यावर चढणारा किंवा प्रकाशतंतूंच्या केबलींची जोडणी करणारा तरुण आता या रांगेत उभा असतो. तो कोणत्या एका धर्माचा वा जातीचा राहिलेला नाही. त्याच्या हातात दोन कागद असतात. एक प्रमाणपत्र, जे आपल्या शासनाने दिले. दुसरा व्हिसा, जो परदेशातील कोणा एका मालकाने त्याच्यासाठी मागवलेला असतो. या दोन कागदांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे अर्थशास्त्रीय दृष्टीने क्वचितच विचारला जातो.

परदेशी कामगाराला प्रायोजित करणे म्हणजे त्याच्या वास्तव्याची हमी मालकाने घेणे. आखाती देशांत या प्रायोजकाला ‘कफील’ म्हणतात. कामगाराचा वास्तव्य-परवाना, म्हणजे सौदी अरेबियातील ‘इकामा’, हा त्याच्या नावावर नव्हे तर एका विशिष्ट मालकाशी असलेल्या नात्यावर उभा असतो. ते नाते तुटले की देशात राहण्याचा अधिकारही संपतो. जुन्या पद्धतीत मालकाच्या संमतीवाचून दुसरीकडे नोकरी धरता येत नसे, काही देशांत तर देश सोडतानाही त्याची परवानगी लागे. कामगार काम सोडून गेला तर मालकाने तो फरार असल्याची तक्रार नोंदवायची. त्याला तेथे ‘हुरूब’ म्हणतात आणि आखातात राहून आलेल्या आपल्याकडच्या माणसांना तो शब्द चांगला ठाऊक आहे. ‘आझाद व्हिसा’ हाही असाच एक शब्द. कफिलाने व्हिसा द्यायचा, त्याचे पैसे घ्यायचे आणि कामगाराने मिळेल तेथे काम शोधायचे, असा हा बेकायदा व्यवहार. त्यात आझादी कशाची, हे विचारू नये. स्वतःच्याच कष्टाच्या परवान्याचे भाडे भरणारा तो एक कूळ असतो.

या व्यवस्थेचा विचार बहुधा माणुसकीच्या अंगाने केला जातो आणि तो योग्यच आहे. तथापि तिची एक आर्थिक बाजू आहे आणि ती कुशल कामगाराच्या बाबतीत विशेष ठळक होते. गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानवी भांडवलावरील ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार कल्पिले. एक सर्वत्र उपयोगी पडणारे, दुसरे केवळ एका कारखान्यापुरते उपयोगी. पहिल्या प्रकारच्या प्रशिक्षणावर मालक खर्च करीत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या मालकाकडे जाईल ही धास्ती त्याला असते. तो खर्च कामगार स्वतः करतो किंवा समाज करतो. आणि त्याचे फळही, अधिक वेतनाच्या रूपाने, कामगाराच्याच पदरात पडते. वीजतंत्र्याचे कौशल्य हे या पहिल्या प्रकारचे आहे. त्रिकला वीजजोडणी चिपळुणात जशी होते तशीच ती दम्मामला होते. मग प्रायोजकत्वाच्या अटीने घडते काय? सर्वत्र चालणारे हे कौशल्य त्या देशात पाऊल ठेवताच एकाच मालकापुरते उरते. म्हणजे प्रशिक्षणावर एक पैसाही न खर्चता, प्रशिक्षणाचा खर्च केलेल्या मालकाला जो लाभ मिळायला हवा तो या मालकाला मिळतो. शिकवण्याचा खर्च महाराष्ट्र शासनाने आणि एखाद्या शेतकरी कुटुंबाने करावा, आणि त्या शिक्षणाचे बाजारमूल्य ठरवण्याचा अधिकार मात्र तिसऱ्याच देशातील चौथ्याच माणसाकडे जावा, असा हा व्यवहार आहे.

जेथे श्रम विकणारे अनेक आणि विकत घेणारा एकच, अशा बाजारपेठेचे विश्लेषण जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच करून ठेवले. अशा बाजारात वेतन कामगाराच्या उत्पादकतेपेक्षा खाली राहते, हा त्यांचा निष्कर्ष आमचे पदवीचे विद्यार्थी आकृती काढून सिद्ध करतात. ज्यांचे थोरले भाऊ ती आकृती प्रत्यक्ष जगत असतात, त्यांना ती समजावून सांगताना अंमळ संकोच वाटतो.

आखाती देशांनी या बाबतीत काहीच केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कतारने २०२० च्या अठराव्या क्रमांकाच्या कायद्याने पूर्वीच्या मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढून टाकली. दोन वर्षांपर्यंत नोकरी झाली असेल तर एक महिन्याची आणि त्याहून अधिक झाली असेल तर दोन महिन्यांची सूचना देऊन कामगाराला मालक बदलता येतो. २०२१ च्या मार्चपासून तेथे हजार रियालांचे किमान वेतनही सर्वांना लागू झाले. सौदी अरेबियात मार्च २०२१ पासून एक वर्षाच्या सेवेनंतर ठरावीक अटींवर नोकरी बदलण्याची मुभा मिळाली. घरकामगार, खासगी चालक, शेतमजूर यांना मात्र तीतून वगळण्यात आले. विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने जगाचे डोळे कतारकडे लागले नसते तर या सुधारणा इतक्या त्वरेने झाल्या असत्या काय, ही शंका रास्त आहे. परंतु हेतू काहीही असो, वीजतंत्र्याच्या दृष्टीने कायदा पूर्वीपेक्षा बरा झाला, हे मान्य केले पाहिजे. उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी, आणि ती शोधण्यासाठी रियाधला वा दोह्याला जाण्याचे कारण नाही. ती दिल्लीत आणि मुंबईत आहे.

आपला १९८३ चा उत्प्रवास कायदा हा १९२२ च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा घेण्यासाठी झाला. नोंदणीकृत एजंटांखेरीज कोणी परदेशी नोकरीसाठी भरती करू नये, करार तपासले जावेत, उत्प्रवासी संरक्षक नावाच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिल्यावाचून कामगाराने विमानात बसू नये, ही त्याची योजना. ज्यांच्या पारपत्रावर अशी मंजुरी आवश्यक असल्याची नोंद असते, त्यांना आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना ती घ्यावी लागते. त्यांना विम्याचे संरक्षण सक्तीचे आहे. त्यांच्यासाठी किमान वेतनाची पातळी सुचवलेली असते. त्यांची मोजदाद होते. मात्र दहावी उत्तीर्ण झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेची दोन वर्षांची पदविका असलेल्यालाही लागत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री अभ्यासक्रमाला प्रवेशच दहावीनंतर मिळतो आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. म्हणजे आमचा वीजतंत्री या संरक्षणातून मुळातच बाहेर पडला. जो लिहूवाचू शकतो त्याला रक्षणाची गरज नाही, अशी यामागची भूमिका. पण करार वाचता येणे आणि करार मोडला गेल्यावर मालक बदलता येणे, या दोन गोष्टींत महदंतर आहे. अरबी भाषेतील दुसरा करार विमानतळावरून उतरल्यावर पुढे केला जातो, तेव्हा दहावीचे मराठी, हिंदी वा इंग्रजी त्याच्या काय कामाला येणार?

या त्रुटीची जाणीव सरकारला नाही असेही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने असा आदेश काढला की, मंजुरीची गरज नसलेल्यांनीही या अठरा देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी १ जानेवारी २०१९ पासून सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवले पाहिजे. नोंदणी नसेल तर विमानतळावरून परत पाठवण्याची तंबीही त्यात होती. ओरड झाली आणि महिना संपण्यापूर्वीच आदेश स्थगित होऊन नोंदणी ऐच्छिक उरली. तंबीची भाषा चुकीची होती यात संशय नाही. परंतु तीबरोबर मोजदादीचा विचारही गुंडाळून ठेवला गेला, हे अधिक नुकसानीचे झाले. परिणामी रत्नागिरीतून वर्षाला किती आंबा निर्यात होतो याचा हिशेब मांडता येतो. किती वीजतंत्री निर्यात होतात याचा मांडता येत नाही.

ज्यांची मोजदाद होते त्यांच्या बाबतीतही सरकारची वृत्ती ठाम असते असे नाही. महामारीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, आखाती देशांतील भारतीय कामगारांसाठी सुचवलेले किमान वेतन खाली आणण्यात आले. कतार, बहारीन, ओमान व संयुक्त अरब अमिरातीसाठी ते २०० डॉलरवर आणले गेले. नोकऱ्या टिकाव्यात हा युक्तिवाद होता. न्यायालयात दाद मागितली गेल्यावर जुलै २०२१ मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला. आता याच सरकारची दुसरी बाजू पाहावी. चिनी यंत्रसामग्रीवर उभ्या राहणाऱ्या आपल्या वीज प्रकल्पांवर चिनी कामगार मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा २००९ मध्ये केंद्र सरकारने नियम आवळले आणि परदेशी कामगाराला नोकरीचा व्हिसा हवा असेल तर त्याचे वार्षिक वेतन किमान २५ हजार डॉलर असले पाहिजे, अशी अट पुढे घातली गेली. स्थानिक तंत्रज्ञाची जागा स्वस्त परदेशी माणसाने घेऊ नये हा तिचा उद्देश, आणि तो समर्थनीय आहे. परक्याच्या श्रमाला वर्षाला २५ हजार डॉलरचा तळ घालणाऱ्या सरकारने आपल्याच माणसाच्या श्रमाचा तळ महिन्याला २०० डॉलरवर आणावा, यातील विसंगती सांगण्यासाठी अर्थशास्त्र शिकण्याची गरज नाही.

रत्नागिरीकर स्वतः परदेशी कामगारांचे मालक आहेत, ही गोष्टही या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. येथील आंब्याच्या बागा राखायला नेपाळी राखणदार असतात आणि मिरकरवाडा बंदरातील मासेमारी नौकांवर नेपाळी खलाशी असतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, प्रायोजक लागत नाही. बागायतदार आणि नौकामालक दरवर्षी तक्रार करतात की, उचल घेतलेला नेपाळी गडी ऐन हंगामात दुसऱ्या मालकाकडे निघून गेला. मालकाच्या दृष्टीने ही तक्रार खरी आहे. आगाऊ रक्कम बुडणे कोणालाच परवडत नाही. पण गडी जाऊ शकतो म्हणूनच त्याची मजुरी वाढती ठेवावी लागते, जेवणाखाण्याची सोय पाहावी लागते, हेही तितकेच खरे. अशिक्षित नेपाळी राखणदाराला रत्नागिरीत जे सौदाशक्तीचे माप मिळते, ते रत्नागिरीच्या प्रमाणपत्रधारक वीजतंत्र्याला परदेशात पहिले वर्षभर तरी मिळत नाही.

त्यात भर पडते ती जाण्याच्या खर्चाची. कायद्याप्रमाणे एजंटाला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील कर यांहून अधिक घेता येत नाहीत. उपएजंट ही जात तर कायद्याला मान्यच नाही. प्रत्यक्षात मुंबईच्या एजंटाचा तालुक्याच्या गावी कोणीतरी ‘ओळखीचा’ असतो आणि त्याची ओळख फुकट नसते. समजा एका तरुणाने लाखभर रुपये कर्जाऊ काढून दिले आणि खाऊनपिऊन महिन्याला पंधरा हजार रुपये मागे पडले, तर पहिले सहा-सात महिने तो केवळ जाण्याची किंमत फेडण्यासाठी राबतो. व्याज धरले तर त्याहून अधिक. कर्जात बुडालेला माणूस मालकाशी घासाघीस करू शकत नाही. मालक बदलण्याचा कायदेशीर हक्क मिळूनही तो न वापरला जाण्याचे सर्वांत मोठे कारण हे कर्ज असते. म्हणून भरतीचा खर्च ज्याला माणूस हवा त्या मालकानेच सोसावा, हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पुरस्कारिलेला दंडक केवळ दयेचा नाही. तो वेतनाच्या सौद्याचा पाया आहे.

दूरसंचाराच्या क्षेत्रात एक निराळीच गुंतागुंत आहे. पूर्वी दूरध्वनी खाते आपली माणसे आपणच घडवी. खांबावर चढणारा लाइनमन, केबल जोडणारा, एक्स्चेंज सांभाळणारा, हे सारे खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांतून तयार होत. जानेवारी २०२० च्या अखेरीस भारत संचार निगमातून सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले आणि अनुभवाचा मोठा ठेवाही त्यांच्याबरोबर गेला. प्रकाशतंतूंचे जाळे पसरण्याचे काम आता बव्हंशी कंत्राटदार करतात आणि माणसाच्या केसाएवढ्या तंतूची जोडणी करण्याची कला पोरे कामावरच, एकमेकांचे पाहून शिकतात. या कौशल्याला कागद नसतो. कागद नसलेल्या कौशल्याची किंमत परदेशी प्रायोजक सांगेल ती. जेथे कागद आहे तेथेही त्यावर विश्वास नाही: सौदी अरेबियाने वीजतंत्री, नळकारागीर आदी व्यवसायांसाठी व्हिसापूर्वी स्वतःची कौशल्य-परीक्षा सुरू केली आहे. आमच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्याने परीक्षा घ्यावी, हा त्या प्रमाणपत्राविषयीचा अभिप्रायच म्हणायचा.

जर्मनीचा मार्ग याहून सन्मानाचा दिसतो आणि काही अंशी तो आहेही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. वीजतंत्रीही त्यात आहेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीची व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. तथापि तेथे वीजतंत्र्याचे शिक्षण साडेतीन वर्षांचे, निम्मेअधिक काळ कारखान्यात उमेदवारी करून होणारे. आपल्या दोन वर्षांच्या प्रमाणपत्राला त्यामुळे बहुधा अंशतः मान्यता मिळते आणि पूर्ण मान्यता मिळेपर्यंत माणूस मदतनिसाच्या पायरीवर राहतो. जर्मन भाषा शिकवण्याचा खर्च महाराष्ट्राने उचलायचा, हा निर्णय उदार खरा. पण मग त्या बदल्यात बाडेन-वुर्टेमबर्गच्या कारखानदारांनी येथील एखाद्या प्रशिक्षण संस्थेची यंत्रशाळा उभी करावी, निदेशकांना शिकवावे, अशी मागणी करण्यात संकोच का असावा? माल विकणारा व्यापारी किंमत सांगतो. माणसे पाठवणारे राज्य मात्र आभार मानते.

परदेशातून येणाऱ्या पैशाने साऱ्याची भरपाई होते, असे म्हणणारा एक पक्ष आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशात आलेल्या या रकमांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के आणि केरळचा १९.७ टक्के होता. मुंबईचा वाटा किती आणि मंडणगडचा किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. केरळात १९९८ पासून दर काही वर्षांनी घरोघर जाऊन स्थलांतराची पाहणी केली जाते. कोण गेले, कोण परतले, किती कर्ज काढले, परतल्यावर काय करतात, हे तेथील शासनाला ठाऊक असते. महाराष्ट्रात अशी नियमित पाहणी होत नाही. १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाले आणि सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना परत आणावे लागले. जून २०२४ मध्ये कुवेतच्याच मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. प्रत्येक वेळी आपली माणसे किती, कोणत्या गावची, याची यादी दुर्घटनेनंतर करावी लागते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील विजेचे खांब हजारोंनी आडवे केले. ते उभे करण्यासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून पथके आणावी लागली आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. हा अंधार आखाताने पाडला असे कोणी म्हणणार नाही. येथे राहिलेल्या वीजतंत्र्याला कंत्राटदाराकडे राबावे लागते किंवा विद्युत सहायक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात, हे दिसत असताना त्याने जाऊ नये असे सांगण्याचा कोणाला अधिकारही नाही. त्याने जावे. पण कोणाच्या नावावर, कोणत्या करारावर आणि कोणाच्या खर्चाने, हे जिल्ह्याला माहीत असावे.

परदेशगमनविषयक नव्या कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. दहावीच्या प्रमाणपत्रावर संरक्षण काढून घेण्याची रीत रद्द व्हावी आणि परदेशी मालकाशी होणाऱ्या करारात मालक बदलण्याची मुदत व भरतीचा खर्च कोणाचा, या दोन बाबी लेखी असाव्यात, असा आग्रह कोकणच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत धरला पाहिजे. तोवर निदान एक काम येथेच होण्यासारखे आहे. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी प्रमाणपत्र हाती देताना एक नोंदवही ठेवावी आणि पुढची तीन वर्षे त्या विद्यार्थ्याचा मालक, गाव, देश व वेतन तीत भरावे. त्यासाठी लागणारा एक लिपिक आणि एक दूरध्वनी यांचा खर्च जिल्हा नियोजन समितीला तिच्या पुढच्याच बैठकीत मंजूर करता येईल.